पावाच्या कडा

मंडळी, पावाच्या कडा आतल्या मऊ भागापेक्षा खरंच पौष्टिक असतात का हो? सुट्टीत नातवंडं हिवरखेडला आली की सँडविचच्या कडा ताटलीत तशाच उरतात. मग आमची ही म्हणते, "कडा खा, ताकद येते." माझी आई रोडग्याच्या कडक कवचाबद्दल अगदी हेच सांगायची. पण मास्तरकीची खोड जात नाही, म्हणून जरा वाचून काढलं.

कड आणि मऊ भाग एकाच कणकेचे. फरक फक्त आचेचा. आत ओल असते, म्हणून तिथलं तापमान १०० अंशांच्या वर जात नाही. बाहेरचा भाग कोरडा पडून जास्त तापतो आणि पिठातली साखर व प्रथिनं यांची क्रिया होऊन खरपूस रंग-वास येतो. फ्रान्सच्या मायार यांनी १९१२ मध्ये ही क्रिया मांडली.

२००२ मध्ये जर्मन शास्त्रज्ञांना कडेत प्रोनिल-लायसिन नावाचं द्रव्य मऊ भागाच्या सुमारे आठपट आढळलं. प्रयोगशाळेत आतड्याच्या पेशींवर त्याचा चांगला परिणाम दिसला. पण पेशी म्हणजे माणूस नव्हे! शिवाय त्याच वर्षी स्वीडनमध्ये कळलं, की जास्त भाजलेल्या पिठूळ पदार्थांत ॲक्रिलामाइड तयार होतं, आणि ते कर्करोगाला कारण ठरू शकतं असा संशय आहे. ते पावाच्या कडेतच जास्त असतं. भाजताना लायसिन हे उपयोगी द्रव्यही थोडं कमी होतं. तंतूंचं म्हणाल तर ते पिठावर ठरतं. मैद्याच्या पावाची कड काही कोंड्याची होत नाही.

म्हणजे कड औषधही नाही आणि विषही नाही. सोनेरी असेल तर खुशाल खावी, काळी खरवडून टाकावी. जगऱ्यातून काढलेला रोडगा आपण झटकतो, जळकं काढतो, मगच फोडून तूप घालतो. पिढ्यान् पिढ्या हेच चाललंय.

मग मुलांना काय सांगायचं? माझं मत असं, की चांगल्या सवयीसाठी खोटं कारण देऊ नये. पोर मोठं होऊन वाचतं, आणि मग आपल्या खऱ्या गोष्टींवरचाही त्याचा विश्वास उडतो. खरं कारण पुरेसं आहे. रब्बीचा गहू शेतात चार महिने उभा असतो, कुणीतरी रात्री-बेरात्री त्याला पाणी देतं. ते अन्न टाकायचं नाही, बस्स!

माझे दात आता कडांना दाद देत नाहीत. मी त्या चहात बुडवतो. तुमच्याकडे काय करता?