जिप्सीला बसवलेली ४१०ची ट्रान्सफर केस

मारुती जिप्सीची ट्रान्सफर केस, म्हणजे गिअरबॉक्सची ताकद पुढच्या आणि मागच्या चाकांना वाटून देणारी पेटी, गिअरबॉक्सला चिकटलेली नसते. पुढे गिअरबॉक्स, मग एक आखूड शाफ्ट, आणि मग चासीला तीन रबरी माउंटिंगांवर टांगलेली ही वेगळी पेटी. महिंद्राच्या जुन्या जीपमध्ये ती गिअरबॉक्सच्या पाठीलाच बोल्टने बसवलेली असते. तिथे एकाला हात लावायचा तर दुसरं उसकटावंच लागतं. जिप्सीत इंजिन, क्लच, गिअरबॉक्स यांपैकी कशालाही न शिवता ट्रान्सफर केस खाली घेता येते. वापरलेली केस आणून बसवायचा विचार मी करू शकलो तो यामुळेच.

माझी गाडी जिप्सी किंग, १३०० सीसी, एमपीएफआय इंजिनाची. आमचं शेत पाटण तालुक्यात, सड्यावर. वर जायची वाट जांभ्याच्या लाल मातीची, मध्ये एक ओढा, आणि शेवटची चढण अशी की पावसाळ्यात तिथे ट्रॅक्टरवालेसुद्धा थांबून विचार करतात. जिप्सीचं हे इंजिन ८० अश्वशक्तीचं आहे खरं, पण त्याचा १०३ न्यूटन-मीटरचा पूर्ण जोर मिळतो ४५०० फेऱ्यांवर. म्हणजे जोर हवा तर इंजिन पळवायला हवं, आणि घसरड्या चढावर तर गाडी हळूच न्यावी लागते. या दोन्ही गोष्टींचा मेळ घालून देते ती ट्रान्सफर केसमधली ‘लो’, म्हणजे वेग कमी करून जोर वाढवणारी गिअरजोडी.

ती ‘लो’च दगा देऊ लागली. चढताना काही नाही, पण उतरताना पहिल्या गिअरात इंजिनाच्या ब्रेकवर गाडी सोडली की लिव्हर हळूहळू सरकायचा आणि खट्‌कन न्यूट्रलमध्ये यायचा. जिप्सीच्या लिव्हरवर ‘फोर हाय’ आणि ‘फोर लो’ यांच्यामध्ये न्यूट्रल आहे. तिथे लिव्हर आला की इंजिनाचा चारही चाकांशी संबंध तुटतो. मागे खताची पोती, खाली ओला जांभा आणि हाताशी फक्त पायब्रेक. ब्रेक जास्त दाबला की चाकं धरतात आणि गाडी तिरकी होऊन घसरायला लागते. ही किरकोळ कुरकुर नव्हे. यात माणसं जातात.

कऱ्हाडला जिप्सीचं काम करणारे एक जुने मिस्त्री आहेत, त्यांना सगळे चाचा म्हणतात. त्यांनी गाडी चालवून पाहिली आणि सांगितलं, “दादा, आतले दात झिजलेत. लोक लिव्हरला ट्यूबचं रबर बांधून चालवतात. मी बांधून देणार नाही.” या एका वाक्यासाठी मी त्यांचा कायमचा ऋणी आहे.

आता केस बदलायचीच, तर कोणती? यामागे एक हिशेब आहे. १९८५ साली आलेली पहिली जिप्सी ९७० सीसीची, एमजी ४१०. तिचं इंजिन लहान, म्हणून कंपनीने तिच्या ट्रान्सफर केसचं गुणोत्तर जास्त ठेवलं होतं: हायमध्ये १.५८०, लोमध्ये २.५११. पुढे मोठ्या इंजिनाच्या ४१३ला (माझी किंग त्यातलीच) ते कमी केलं: १.४०९ आणि २.२६८. जुन्या जीपच्या हायमध्ये एकास एक असं सरळ गुणोत्तर असतं. जिप्सीत मात्र हायमध्येसुद्धा गिअरांमधून वेग कमी होऊनच ताकद मागे जाते. म्हणून ४१०ची केस ४१३ला बसवली की हाय सुमारे १२ टक्के आणि लो सुमारे ११ टक्के जड ओढणारी होते.

माझ्या गाडीला याची गरज आणखी एका कारणाने होती. मूळच्या २०५/७० आर १५ टायरांच्या जागी मी आधीच २३५/७५ आर १५ टाकले होते. मूळ टायरची उंची सुमारे ६६८ मिलिमीटर, नव्याची ७३३. गाडी जमिनीपासून तीनेक सेंटिमीटर उचलली गेली, पण टायर दहा टक्के मोठा झाला म्हणजे सगळे गिअर दहा टक्के लांब झाले. चढावर क्लच जळल्याचा वास येऊ लागला तो तेव्हापासून. टायरने नेलेलं ४१०ची केस परत देते, हे कागदावर मांडल्यावर लख्ख दिसलं.

तिच्या शोधात कुर्ल्याला गेलो. तिथल्या गल्ल्यांमध्ये गाड्यांचे सुटे भाग रचलेले असतात, आणि प्रत्येक जिप्सीची केस ‘चालू गाडीतून काढलेली’ असते. बाहेरून पाहिलं तर ४१० आणि ४१३ माझ्यासारख्याला सारख्याच. चाचांनी निघताना एक युक्ती शिकवली होती, ती इथे सविस्तर लिहितो, कारण असली केस घेणाऱ्या कुणालाही ती उपयोगी पडेल.

केस फरशीवर ठेवायची. गिअरबॉक्सकडून ताकद येते त्या फ्लँजवर एक खडूची रेघ आणि मागच्या प्रॉपेलर शाफ्टच्या फ्लँजवर दुसरी. लिव्हरच्या जागी पाना किंवा पट्टी घालून केस हायमध्ये टाकायची आणि पुढची फ्लँज हाताने फिरवायची. मागची फ्लँज बरोबर दहा वेळा फिरेपर्यंत पुढची किती वेळा फिरली ते मोजायचं. चौदाच्या आसपास आलं तर ती ४१३. सोळाला थोडं कमी पडलं तर ४१०. मग लोमध्ये हेच करायचं: ४१३ला पावणेतेवीसच्या जवळ येतं, ४१०ला पंचवीस भरतात. पहिल्या दुकानात ‘शंभर टक्के ४१०’ म्हणून दाखवलेल्या केसने चौदा दिले. दुकानदाराशी वाद न घालता ती परत ठेवली आणि पुढे निघालो.

फिरवताना हाताला बरंच काही कळतं. एका जागी अडकून पुढे सरकते, म्हणजे बेअरिंग किंवा दात खराब. फ्लँज धरून वरखाली हलवली आणि खुळखुळली, तर बेअरिंग संपलं. ड्रेन प्लग सोडून तेलाचा थेंब बोटावर घ्यायचा: काळं चालेल, चहासारखं दुधाळ असेल तर आत पाणी शिरलंय, आणि चंदेरी चमक असेल तर धातू झिजून तेलात उतरलाय. एका गाळ्यात शेवटी हवी तशी सापडली. बाहेरून चिखल आणि ग्रीसचा थर, पण आतून मऊ फिरणारी, सोळाला थोडं कमी देणारी.

ती तशीच गाडीला लावायची नाही, हे चाचांचं ठाम मत. आधी डिझेलने धुतली, मग टेबलावर उघडली. अ‍ॅल्युमिनियमच्या कवचाचे भाग वेगळे केल्यावर आतली रचना पाहून मला फार आनंद झाला. मनगटाएवढे शाफ्ट, मधला काउंटर गिअर, त्याच्या पोटातली सुयांसारखी बारीक बेअरिंगं, आणि सरकणारी स्लीव्ह. चाचांनी माझ्या जुन्या केसची स्लीव्ह आणि ही स्लीव्ह शेजारी ठेवली. जुनीच्या दातांच्या कडा निमुळत्या झाल्या होत्या. उतारावर चाकं इंजिनाला ढकलतात, तेव्हा दातांवरचा दाब उलट्या बाजूने येतो. कडा सरळ असतील तर दात धरून राहतात, निमुळत्या असतील तर तोच दाब स्लीव्हला बाहेर लोटतो. चढताना का सुटत नव्हतं आणि उतरताना का सुटायचं, ते त्या टेबलावर उमगलं.

जुन्या केसमधलं तेल दुधाळ निघालं. ओढ्याचा प्रताप. चालून तापलेली केस गार पाण्यात शिरली की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून, सीलच्या ओठांमधून पाणी आत ओढलं जातं. नव्या केसच्या ब्रीदरला म्हणून आम्ही रबरी नळी जोडून ती बॉनेटखाली उंच नेली. ओढा ओलांडणाऱ्या प्रत्येकाने हे करावं. खर्च जवळजवळ नाही.

बेअरिंगं सगळी नवी घातली. बेअरिंगवर नंबर कोरलेला असतो, तो घेऊन बेअरिंगच्या दुकानात गेलं की काम होतं. ऑइल सील नवे, शिफ्टर फोर्क जागेवर धरणाऱ्या गोळ्या आणि स्प्रिंगाही नव्या. या स्प्रिंगा अगदी छोट्या, पण त्या दमल्या की दात चांगले असूनही लिव्हर सुटतो. फ्लँजांच्या बोल्टांची छिद्रं मोजून पाहिली आणि माझ्या गाडीच्याच फ्लँज नव्या केसवर चढवल्या, म्हणजे शाफ्ट जसेच्या तसे लागले.

केस बसवताना चाचांचा सगळा जीव माउंटिंगांवर. तिन्ही रबरं बदलायला लावली. कारण सांगितलं ते पटण्यासारखं: केस टांगलेली आहे, जोर आला की ती स्वतःभोवती पिळायला बघते, रबर फाटलेलं असेल तर केस तिरकी होते, आखूड शाफ्टचा कोन बिघडतो, आणि मग गाडी एका ठरावीक वेगाला थरथरू लागते. लोक मग शाफ्टच्या जोडांमधले क्रॉस बदलत बसतात. शाफ्ट काढतानाच प्रत्येक जोडावर छिन्नीची खूण केली होती, त्या खुणा जुळवूनच ते परत लावले. स्पीडोमीटरची केबल, फोर व्हीलच्या दिव्याची वायर, लिव्हर. शेवटी ८०डब्ल्यू-९० गिअर ऑइल, साधारण ८०० मिलि. भरायच्या भोकातून ओघळायला लागलं की पुरे.

फोर व्हील तपासायला गाडी मुद्दाम ओल्या शेतात नेली. जिप्सीत पुढच्या आणि मागच्या चाकांमध्ये डिफरन्शियल नाही. कोरड्या डांबरावर फोर व्हीलमध्ये वळवली तर सगळा ताण या केसवरच येतो, आणि नव्याने बांधलेली केस तिथेच मोडायची.

सड्याची चढण आता लोच्या पहिल्या गिअरात, क्लचवरचा पाय काढून होते. उतरताना लिव्हरवर हात ठेवावा लागत नाही. थोडे दिवस चालवून पहिलं तेल बदललं, त्यात नव्या जुळणीची थोडी भुकटी होती, दुसऱ्या वेळी स्वच्छ आलं. स्पीडोमीटर मोबाइलशी ताडून पाहतो आणि फरक लक्षात ठेवून चालवतो. हमरस्त्यावर इंजिनाचा आवाज मूळच्यापेक्षा फारसा वाढला नाही, कारण मोठ्या टायरने तो फरक खाऊन टाकला.

ज्यांच्या गाडीला मूळचेच टायर आहेत आणि जे जास्त करून महामार्गावर चालवतात, त्यांनी मात्र हे करू नये. त्याच वेगाला इंजिन १२ टक्के जास्त फिरेल, आवाज आणि पेट्रोल दोन्ही वाढेल. खडकांवर गोगलगायीच्या चालीने चढायचं असेल त्यांनाही ही केस अपुरी आहे. याच जातीची सॅमुराय चालवणारे अमेरिकेतले लोक लोमध्ये ४.१६चे गिअर घालतात, त्याच्यापुढे २.५११ काहीच नाही. पण मोठे टायर, चढउताराची कच्ची वाट आणि रोजचा वापर असेल, तर ४१०ची चांगली केस नव्या बेअरिंगांसह बसवणं हा खर्च सार्थकी लागतो. खर्च धरताना केसच्या किमतीएवढी रक्कम बेअरिंगं, सील, रबरं आणि मजुरीसाठी वेगळी ठेवा. आणि घ्यायला जाल तेव्हा खिशात खडू असू द्या. दुकानदार फ्लँज फिरवून फेऱ्या मोजू देत नसेल, तर पैसे काढू नका.