बुवा... कुक!

नर्सरीपासून दहावीपर्यंत कॉन्व्हेंटमध्ये शिकलेल्या माणसाने मराठी विभागासाठी लेख लिहायचा म्हणजे जरा धाडसच आहे. पण संपादक मंडळींनी मेसच्या दारातच पकडलं, त्यामुळे सुटका नव्हती. आणि खरं सांगायचं तर गेल्या वर्षभरात माझी मराठीची जबरदस्त शिकवणी झालीये. शिकवणाऱ्या मॅडमचं वय दीड वर्ष. घरातलं नाव चिऊ. माझ्या सख्ख्या ताईची मुलगी. मंमं म्हणजे जेवण, भुर्र म्हणजे बाहेर, गाई म्हणजे झोप आणि हम्मा म्हणजे गाय, एवढा सिलॅबस मी आता तोंडपाठ म्हणून दाखवू शकतो. शाळेत आमच्यासाठी सगळे 'अंकल' होते. 'मामा' ही काय चीज असते, ते चिऊमुळे कळलं.

ताईचं घर आमच्या हॉस्टेलपासून दोन बस बदलून. दर शनिवारी मळक्या कपड्यांची बॅग घेऊन मी तिथे हजर! ताई सॉफ्टवेअरमध्ये आहे, जिजू चाकणला एका कारखान्यात. सकाळी सहाला घर सुरू होतं. एकजण गॅसवर नाचणीसत्त्व ढवळत असतो, दुसरा हातात मोजा घेऊन चिऊच्या मागे पळत असतो. मोजा कायम एकच सापडतो. डबे, पातेली, टीव्हीचा रिमोट, जिजूंचं आयकार्ड, सगळं जमिनीवर. थर्मोडायनॅमिक्सचा दुसरा नियम आम्हाला सरांनी दोन लेक्चर घेऊन शिकवला, चिऊने तो ताईच्या हॉलमध्ये दहा मिनिटांत सिद्ध केला. मग वरणभात-तूप भरवणं, त्यातला अर्धा केसांतून काढणं, औषधाच्या डब्यात थर्मामीटर आहे ना ते बघणं, आणि नवाच्या आत दोघांनी माणसांसारखं दिसत कामावर पोचणं. यात मधे कुठेही 'प्रिपरेशन लीव्ह' नाही.

लीव्हवरून आठवलं. बाळंतपणाची पगारी रजा 2017 साली कायद्यात दुरुस्ती होऊन 12 आठवड्यांवरून 26 आठवडे झाली. ऐकायला भरपूर वाटते. पण त्यातले काही आठवडे बाळ यायच्या आधीच संपतात. डॉक्टर सांगतात, पहिले सहा महिने बाळाला फक्त आईचं दूध द्या. आता हे गणित कुणीही करून बघावं. वडिलांचं तर गणितच नाही. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांना पितृत्वाची 15 दिवस रजा असते, खासगी नोकरीत तसं कायद्याचं बंधन नाही. जिजूंनी त्या वेळी स्वतःच्या शिल्लक रजेतले चार दिवस काढले आणि पाचव्या दिवशी लाल डोळ्यांनी लाईनवर उभे राहिले.

तरी सगळं बरं चाललं होतं, कारण सोसायटीत एक चांगलं पाळणाघर होतं. सप्टेंबरमध्ये ते चालवणाऱ्या मावशींची तब्येत बिघडली आणि त्यांनी ते बंद केलं. दुसरं मिळेपर्यंत ताई कधी घरून काम करायची, कधी रजा टाकायची. त्यातच तिला नवीन प्रोजेक्ट मिळालं. संध्याकाळचे कॉल, पण तीन वर्षं वाट बघितलेलं काम. घरात दोन-तीन शनिवार मी एक विचित्र शांतता बघितली. दोघं बोलायचे, मी आलो की 'चहा घेणार का?' विचारायचे.

दिवाळी संपल्यावर आम्ही कोकणात निघालो. जिजूंचं घर रत्नागिरीच्या पुढे, पावसजवळच्या एका वाडीत. पहाटे साडेचारला पुण्याहून निघून पनवेलला मांडवी एक्सप्रेस पकडायची होती. बॅगा भरताना मी बघितलं, तर चिऊचे स्वेटर, मोठं पांघरूण, लसीकरणाचं कार्ड, सगळं चाललेलं. चार दिवसांसाठी एवढं? ताई म्हणाली, "चार दिवस आपण. ती मार्चपर्यंत."

पाच वर्षांखालच्या मुलांना रेल्वेत तिकीट लागत नाही, म्हणजे सीटही मिळत नाही. त्यामुळे चिऊ आळीपाळीने आम्हा तिघांच्या मांडीवर, आणि मधूनमधून समोरच्या अनोळखी आजोबांच्या. मांडवीत खायला भरपूर येतं, दर पाच मिनिटांनी कुणीतरी ओरडत येतो, त्याची नक्कल करण्यात तिचा एक तास छान गेला. मग ती रडायला लागली. का, ते कुणालाच कळेना. डब्यातल्या एकाने कपाळाला आठ्या घालून हेडफोन लावले. ताईचा चेहरा पडला. जिजू तिला घेऊन दारापाशी आणि परत, अशा वीसेक फेऱ्या मारून आले.

रोह्याच्या पुढे कोकण रेल्वे सुरू होते. हा मार्ग 26 जानेवारी 1998 ला पूर्ण खुला झाला. त्यावर नव्वदहून जास्त बोगदे आहेत, हे आम्हाला सिव्हिलवाले अभिमानाने सांगत असतात. चिऊने त्यांचा वेगळाच उपयोग शोधून काढला. खिडकी काळी झाली की तिने डोळ्यांवर हात ठेवायचे, आम्ही "बुवाऽऽ" म्हणायचं, आणि उजेड आला की सगळ्यांनी "कुक!" रडणं बंद! थोड्या वेळाने हेडफोनवालाही "कुक" म्हणायला लागला.

मग रत्नागिरीच्या अलीकडे करबुड्याचा बोगदा आला. तो साडेसहा किलोमीटरचा आहे. "बुवाऽऽ" म्हणून झालं, पण उजेड काही येईना. चिऊने हात काढले, काळ्या खिडकीकडे बघितलं, पुन्हा डोळे झाकले, पुन्हा काढले. मग ताईचा ओढणीचा कोपरा घट्ट धरून म्हणाली, "आई?" ताई समोरच होती. ती काहीच बोलली नाही. बोगदा संपल्यावर 'कुक' म्हणायचं तिघांनाही सुचलं नाही.

नजरेआड गेलेली वस्तू नाहीशी होत नाही, ही गोष्ट मूल पहिल्या दोन वर्षांत शिकतं, असं मानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे यांनी मांडलं होतं. आईच्या बाबतीत तोच धडा मार्चपर्यंत द्यायचा का, हा प्रश्न मात्र कुठल्या पुस्तकात नव्हता.

वाडीत चिऊ मजेत होती. हम्मा होती, अंगण होतं, पडवीत आजोबांची काठी होती. दुसऱ्या दिवशी तर दुपारभर तिने आईची आठवणही काढली नाही. ताईला त्याचं बरं वाटलं की वाईट, ते मला तिच्याकडे बघून ओळखता आलं नाही. निघायच्या आदल्या रात्री पडवीत विषय निघाला. काकू, म्हणजे जिजूंच्या आई, म्हणाल्या, "मी सांभाळीन गं, आनंदाने सांभाळीन. पण ती आता रोज एक नवा शब्द बोलत्ये. ते सगळे तुम्ही फोनवर ऐकणार का?"

बराच वेळ कुणी बोललं नाही. मग जिजू म्हणाले, "मी फर्स्ट शिफ्ट मागून बघतो. सात ते साडेतीन. चारपासून ती माझ्याकडे." ताईने विचारलं, "आणि सकाळी?" काका म्हणाले, "सकाळी ही. घेऊन जा हिला. मला भात लावता येतो."

असं ते ठरलं. स्वेटर आणि लसीकरणाचं कार्ड परत बॅगेत गेलं, आणि काकूंसाठी तत्काळमध्ये एक तिकीट काढलं. गाय शेजारच्यांकडे दिली. काका मात्र त्या मोठ्या घरात एकटे राहिले, ही गोष्ट या सगळ्या आनंदात कुणी मोठ्याने बोललं नाही. रोज रात्री आठला ते फोन करतात आणि चिऊला पहिला प्रश्न विचारतात, "मंमं झालं?"

परवा ताईच्या घरी गेलो तर जिजू चारच्या ठोक्याला घरात, डोळ्यांत झोप, हातात एक मोजा. ताई आतल्या खोलीत कॉलवर. काकू निवांत चहा पीत होत्या. नवीन पाळणाघराचा शोध चालू आहे, जानेवारीत एक जागा मिळेल असं म्हणतात.

मित्रांनो, आता सेमिस्टर संपलं की आपण सगळे गावी निघू. कुणी ट्रेनने, कुणी लाल डब्याने. तुमच्या डब्यात एखादं बाळ नक्की रडणार. तेव्हा हेडफोन लावायच्या आधी एकदा डोळ्यांवर हात ठेवून "बुवाऽऽ" म्हणून बघा. बाळ गप्प होईलच याची गॅरंटी नाही, पण त्याच्या आईला दोन मिनिटं बूड टेकून बसता येईल.