गाणें कोणाचें?

दिवाळीच्या झाडलोटींत माळ्यावरची एखादी ट्रंक उघडावी आणि तासाभराचें काम दिवसभर पुरावें, हा अनुभव आमच्या वाचकांपैकीं बहुतेकांना असेलच. मागच्या दिवाळींत आमच्या हातीं अशीच एक जुनी कॅसेट लागली. वेष्टनावर गजबजलेल्या रस्त्यांत उभी असलेली एक कोवळी पोर. नजर मात्र अशी, कीं जणूं सारा रस्ताच तिच्या वाटेंत आला आहे. अ‍ॅव्हरिल लव्हीन ह्या कॅनडांतील गायिकेचा ‘लेट गो’ हा पहिला गीतसंग्रह. ४ जून २००२ रोजीं तो प्रसिद्ध झाला तेव्हां तिला अठरावें वर्ष चालू होतें. कॅसेट पाहून आमच्या मनांत जी भावना उठली ती आनंदाची नव्हती, शरमेची होती. तिचें कारण सांगण्यापूर्वीं ह्या तेरा गाण्यांवरून त्या वेळीं जो गलबला उठला, तो वाचकांच्या ध्यानांत आणून देणें अवश्य आहे.

ऑन्टारिओ प्रांतांतील नॅपनी नांवाच्या लहानशा गांवांत ही मुलगी वाढली. आरंभीं चर्चमधलीं भक्तिगीतें, नंतर तिकडच्या ग्रामीण वळणाचीं कंट्री गीतें, असा तिच्या गळ्याचा प्रवास. १९९९ सालीं रेडिओवरील एक स्पर्धा जिंकून शनाया ट्वेन ह्या प्रख्यात गायिकेबरोबर ओटावाच्या रंगमंचावर तिला गावयास मिळालें, आणि सोळाव्या वर्षीं अरिस्टा ह्या अमेरिकन कंपनीनें तिला करारानें बांधून घेतलें. संग्रह बाहेर पडला तो कॅनडा, इंग्लंड व ऑस्ट्रेलिया येथें विक्रीच्या यादींत पहिल्या आणि अमेरिकेंत दुसऱ्या स्थानावर जाऊन बसला. एकट्या अमेरिकेंत त्याच्या ६० लाखांहून अधिक प्रती खपल्या. इतक्या लोकांनीं जें विकत घेतलें त्याविषयीं एकमत होईल, अशी अपेक्षाच करूं नये.

शाळकरी मुलींना ती आपली वाटली. त्याआधींचीं तीनचार वर्षें ब्रिट्नी स्पीअर्ससारख्या गायिकांचा नाच आणि झगमगाट पाहून ज्यांचे डोळे दिपले होते, त्यांना ढगळ विजार, बिनबाह्यांचा गंजीफ्रॉक आणि त्यावर पुरुषी टाय अशा वेषांत गिटार घेऊन उभी राहिलेली ही चिडखोर मुलगी शेजारच्या बाकावरची वाटावी, हें स्वाभाविकच होतें. उलट पंक संगीताचे जुने उपासक संतापले. त्यांच्या मतें हें बंड शिंप्याकडून मापानें शिवून घेतलेलें होतें. २००३ च्या जानेवारींत ग्रॅमी पारितोषिकांचीं नामांकनें वाचून दाखवितांना तिनें डेव्हिड बोवी ह्यांच्या नांवाचा उच्चार चुकविला, तेव्हां तर ह्या मंडळींच्या हातीं पुराव्याचा कागदच लागला. (जणूं उच्चार चुकला कीं सूरही चुकतो! आमच्याकडील मोठमोठ्या गवयांनीं बंदिशींतील शब्दांचे जे हाल केले आहेत त्यांचा हिशेब कोणी मांडूं लागल्यास एकही घराणें निर्दोष सुटणार नाहीं.) चाली गोड पण शब्द कच्चे, असें म्हणणारा एक मध्यम पक्षही होता, त्याचें कोणी फारसें ऐकलें नाहीं.

खरी चकमक झाली ती कर्तृत्वावरून. ज्या तीन गाण्यांनीं ह्या संग्रहाचें नशीब काढलें, तीं ‘कॉम्प्लिकेटेड’, ‘स्केटर बॉय’ आणि ‘आय अ‍ॅम विथ यू’, त्यांवर लव्हीनबरोबर आणखी तिघांचीं नांवें आहेत: लॉरेन ख्रिस्टी, ग्रॅहम एडवर्ड्‌स आणि स्कॉट स्पॉक. हें त्रिकूट ‘द मेट्रिक्स’ ह्या नांवानें ओळखलें जातें. गाण्यांचा बराचसा भाग आपला असून मुलीनें येथें तेथें एखादा शब्द बदलला, असें ह्या त्रिकुटाकडून सांगण्यांत आलें. आपण स्वतः लेखिका आहों, असें ती ठामपणें म्हणत राहिली. चौघें एका खोलींत बसल्यावर कोणता शब्द कोणाच्या तोंडून प्रथम निघाला, ह्याचा निवाडा बाहेरच्या माणसानें करावयाचा नसतो. आम्हीं तो केला.

२००३ च्या जूनमध्यें आमची भाची दहावीच्या वर्षासाठीं आमच्याकडे राहावयास आली. वडिलांची बदली झालेली, शाळा नवी, शहरांत ओळखीचें कोणी नाहीं. रात्रीं आपल्या खोलींत ती हीं गाणीं लावी. एके दिवशीं जेवतांना आम्हीं वर्तमानपत्रांतून मिळविलेलें ताजें ज्ञान तिच्यापुढें वाढलें. “अग, ह्या मुलीचीं गाणीं तिचीं नाहींतच. दुसऱ्यांनीं लिहून दिलेला राग आहे हा, भाड्याचा.” ती कांहीं बोलली नाहीं. त्या दिवसानंतर आमच्या घरांत तीं गाणीं वाजलीं नाहींत, आणि आमच्या हें ध्यानांत येण्यासही कित्येक दिवस गेले. आपल्या बोलण्याचा योग्य परिणाम झाला, असेंच आम्ही समजत होतों.

त्याच वर्षीं २३ फेब्रुवारीस न्यूयॉर्क येथें ग्रॅमी पारितोषिकें दिलीं गेलीं होतीं. लव्हीनला पांच नामांकनें होतीं; हातीं एकही पारितोषिक आलें नाहीं. त्या रात्रीची मानकरी ठरली नोरा जोन्स, पंडित रविशंकर ह्यांची कन्या. तिचाही तो पहिलाच संग्रह. त्यांतील ज्या ‘डोन्ट नो व्हाय’ ह्या गीताला वर्षांतील उत्कृष्ट गीताचा मान मिळाला, तें जेसी हॅरिस ह्यानें लिहिलेलें आहे, आणि तो मान त्याच्याच नांवावर जमा आहे. तरीही नोराबाईंना कोणीं खोटें म्हटलें नाहीं. आम्हींही नाहीं. मंद आवाजांत पियानो वाजविणाऱ्या स्त्रीनें दुसऱ्याचें गीत गाइलें तर ती अभिरुची, आणि टाय लावलेल्या पोरीनें गाइलें तर ती लबाडी!

शिवाय आम्ही ज्या संगीतावर वाढलों तेथें तरी काय होतें? १९११ च्या ‘मानापमाना’ची पदें खाडिलकरांचीं, चाली गोविंदराव टेंब्यांच्या; १९१६ च्या ‘स्वयंवरा’ला चाली भास्करबुवा बखल्यांनीं दिल्या. भामिनी आणि रुक्मिणी होऊन तीं पदें गाइलीं बालगंधर्वांनीं, आणि आमच्या आजोबांच्या पिढीनें तीं त्यांचींच मानलीं. अर्थात् हा दाखला पुरतेपणीं लागू पडत नाहीं, हें कबूल केलें पाहिजे. नाटकांत सोंग आहे हें प्रेक्षकाला तिकीट काढतांनाच माहीत असतें. लव्हीनच्या विक्रेत्यांनीं मात्र ‘ही मुलगी जशी आहे तशीच गाते’ हाच माल म्हणून मांडला होता. तेव्हां त्यांना जाब विचारणें अयोग्य नव्हतें. पण तो विक्रेत्यांना विचारावयाचा होता. आमच्या पंगतींत बसलेल्या पंधरा वर्षांच्या मुलीला विचारावयाचा नव्हता. वारकरी ‘तुका म्हणे’ असें दुसऱ्याचें नांव घेऊन गातो आणि स्वतःच्या डोळ्यांना पदर लावतो. तो अश्रु कोणाचा, हें त्याला कोणी विचारीत नाहीं.

ट्रंक तशीच टाकून आम्हीं ती कॅसेट लावली. प्रामाणिकपणें सांगावयाचें तर सगळींच गाणीं उभीं राहत नाहींत. ‘माय वर्ल्ड’मध्यें गांवाकडच्या लहानपणाच्या फुशारकीपलीकडे फारसें कांहीं नाहीं, ‘लॉसिंग ग्रिप’मधला राग जड आहे, पण बनावट वाटत नाहीं. ‘आय अ‍ॅम विथ यू’ ह्या गाण्यांत अंधारांत, पावसांत, अनोळखी ठिकाणीं कोणाची तरी वाट पाहणारी मुलगी आहे. वरच्या पट्टींत तिचा आवाज ताणला जातो, तुटेल असें वाटतें, आणि तुटत नाहीं. तें ताणणें कोणत्याही त्रिकुटाला लिहून देतां येण्यासारखें नव्हे. पुढें २००४ सालीं ‘अंडर माय स्किन’ हा दुसरा संग्रह तिनें त्या त्रिकुटाला वगळून केला आणि तोही अमेरिकेंत पहिला आला. त्यानें जुना वाद मिटला असें तिचे चाहते म्हणतात. आम्हांला तसें वाटत नाहीं. त्याहीवर दुसऱ्यांचीं नांवें आहेतच.

रात्रीं आम्हीं भाचीला फोन केला. ती आतां बडोद्यास असते. आमचें बोलणें ऐकून ती हंसली. “मामा, गाणीं कोणीं लिहिलीं हें मला तेव्हांही माहीत होतें. आंतल्या कागदावर नांवें छापलेलीं होतीं कीं. मला तें गाणें रात्रीं लागायचें, एवढेंच.” मग थोडें थांबून म्हणाली, “पण ती कॅसेट माझी नव्हती. वर्गांतल्या एका मुलीची होती. त्या शाळेंत माझ्याशीं पहिल्यांदा बोलली ती तीच. तुम्ही तसें म्हणालांत, आणि मी रागानें ती कुठल्याशा ट्रंकेंत टाकली. तिनें मागितली तेव्हां सांपडेना.”

“मग?”

“मग काय? तिनें पुन्हां कांहीं दिलें नाहीं.”

त्या मुलीचें माहेरचें आडनांव भाचीला आठवतें. पुढचें ठाऊक नाहीं. कॅसेट आमच्या टेबलावर आहे. पहिली बाजू अजून स्वच्छ वाजते. दुसऱ्या बाजूची फीत एके ठिकाणीं चुरगळली आहे.