पारव्याचा रंग



आमच्या घोटीचा पाऊस म्हणजे भिंतीसुद्धा घाम गाळतात. गेल्या चातुर्मासात ही ओल सासूबाईंच्या लेश्यावृक्षाच्या चित्रापर्यंत पोचली. तेच आपलं जांभळाचं झाड. पहिला माणूस बुंध्यावर कुऱ्हाड घालतो, दुसरा मोठी फांदी तोडतो, तिसरा डहाळ्या, चौथा घोस, पाचवा नुसती पिकली फळं, आणि सहावा खाली पडलेली वेचतो. काळा, निळा, पारवा, लाल, पिवळा, पांढरा. आमच्या चित्रातला तिसरा, कापोत लेश्येचा, नेमका ओलीने गेला.

जुन्या वस्तू दुरुस्त करण्याचा मला नाद आहे. नणंदेकडे त्याच छापाचं चित्र होतं. मोबाइल आपल्या मर्जीने रंग बदलतो, म्हणून फोटो न काढता तेवढा भाग स्कॅन करून घेतला.

आधी कागद पाहिला. साध्या छपाईयंत्रात पांढरी शाई नसते. चित्रातलं पांढरं म्हणजे कोरा कागदच. आमचा कागद चहासारखा पिवळटलेला. चकचकीत पांढऱ्यावर छापलं असतं तर ठिगळ दिसलं असतं. म्हणून बिनचकाकीचा, किंचित पिवळसर कागद घेतला.

मग तो पारवा रंग! लाल थोडा कमीजास्त झाला तरी लालच वाटतो. राखाडीचं तसं नाही. यंत्र तो निळी, गुलाबी, पिवळी शाई मिसळून आणि काळीची जोड देऊन करतं. एखादा थेंब इकडेतिकडे झाला की राखाडी गुलाबी नाहीतर हिरवट दिसतो. नाशिकच्या छपाईवाल्या मुलाने एकाच कागदावर नऊ छटांची पट्टी छापून दिली, प्रत्येकीला नंबर टाकून. मी बी. कॉम. आहे, नंबर दिसला की जीव भांड्यात पडतो. रात्री दिव्याखाली पट्टी चित्राला लावली. चौथी छटा तंतोतंत जुळली. लगेच कळवून टाकलं.

चित्र घरी आलं, सकाळी उजेडात धरलं, तर तिसरा माणूस गुलाबी! मी त्या मुलाला फोनवर नाही नाही ते बोलले. 'तुझं यंत्रच खराब.' तो बिचारा एवढंच म्हणाला, "काकू, पट्टी खिडकीत धरून बघा."

धरली. चौथी छटा तिथेही गुलाबीच होती. जुना रंग आणि नवी शाई एका उजेडात सारखी दिसते, दुसऱ्या उजेडात वेगळी. दोष माझ्या दिव्याचा, नव्हे, माझ्या घाईचा. उत्तराध्ययन सूत्राच्या चौतिसाव्या अध्ययनात लेश्यांचं वर्णन आहे. बोलण्यातला वाकडेपणा आणि आपला दोष झाकणं ही तिथे कापोत लेश्येचीच लक्षणं. तिसऱ्या माणसाचा रंग शोधता शोधता मीच त्याच्या जागी उभी होते.

त्या मुलाला फोन करून मिच्छामि दुक्कडं म्हटलं. संवत्सरीची वाट पाहिली नाही. मग खिडकीपाशी, ऊन अंगावर न घेता, सहावी छटा निवडली. छापल्यावर रात्रभर वाळू दिली, कारण ओल्या शाईचा रंग वाळल्यावर बदलतो. सकाळी पुन्हा पाहिली, तेव्हाच चिकटवली.

चित्राच्या मागे पेन्सिलने लिहून ठेवलंय: 'तिसरा माणूस नवा आहे.' जुना तुकडा पाकिटात घालून तिथेच लावलाय. पुढच्या सुनेला कोणी फसवलं असं वाटू नये.

तुमच्या घरात असं चित्र असेल, तर आज दिवसाच्या उजेडात एकदा बघा.