बाळकृष्णाच्या मापाचा गुलाब

गुलाबाचा नाद हा श्रीमंतांचा, निवृत्तांचा नाहीतर कवींचा. मी यांपैकी कोणीच नाही. मी बँकेत कारकून आहे, बी.कॉम. सेकंड क्लास आहे आणि जालन्यात दुसऱ्या मजल्यावर राहतो. जालना म्हणजे बियाण्यांचे गाव. इथे १९६४ साली 'महिको' सुरू झाली आणि तिचे संस्थापक बद्रीनारायण बारवाले यांना १९९८ साली 'वर्ल्ड फूड प्राइझ' मिळाले. अशा गावात राहून मला कुंडीत साधी कोथिंबीर उगवता आली नव्हती. तरीही मी गुलाबाच्या वाटेला गेलो, त्याला कारण आमची आई.

आईला रोज सकाळी देवाला एक फूल लागते. एकच, पण ताजे आणि विकतचे नको. विकतच्या फुलाचे पुण्य फुलवाल्याला जाते, असा तिचा हिशेब. न विचारता तोडलेल्या फुलाचे मात्र तोडणाऱ्याला मिळत असावे. कारण रोज पहाटे साडेपाचला ती तळमजल्यावरच्या तात्यांच्या कुंपणाशी पिशवी घेऊन हजर असायची. तात्या महसूल खात्यातून निवृत्त झालेले. कुंपणाबाहेर डोकावणारे फूल मालकाचे की रस्त्याचे, यावर त्या दोघांचा वाद वर्षानुवर्षे चालला होता.

"एक दिवस पंचनामा करीन!" तात्या आतून ओरडायचे.

"करा की. देवालाच नेते, मला नाही नेत," आई बाहेरून सांगायची.

२०११ च्या दिवाळीत आईचे गुडघे संपावर गेले. आमचा बँकेचा संप एक दिवसाचा असतो, हा बेमुदत निघाला. जिने बंद झाले, फूल बंद झाले. देवापुढे नुसत्या अक्षता दिसू लागल्या. आई काही बोलली नाही. बोलली असती तर बरे झाले असते.

मी हातगाडीवरून एक गुलाब आणला. लाल भडक, वाटीएवढे फूल. दीड महिन्याने त्याला पहिले फूल आले. घरात जणू नातू झाला. आईने ते बाळकृष्णावर वाहिले. आमचा बाळकृष्ण दोन इंचांचा, फूल चार इंचांचे. देव दिसेनासा झाला.

"अरे, हे फूल देवाला वाहिलं की देव फुलाला?" आई म्हणाली. मग हळूच विचारले, "आणि उद्याचं?"

उद्याचे नव्हते. पुढच्या महिन्याचेही नव्हते. त्या झाडाने फुलण्याचे सोडून वाढण्याचे मनावर घेतले. बुंध्यातून एक हिरवीगार काठी निघाली आणि बघता बघता माझ्या खांद्याला लागली. मी ऑफिसात पेढे वाटायचाच बाकी होतो. आमच्या शाखेतले शिपाई मामा अंबड तालुक्यातले, घरी मोसंबीची बाग. ते एकदा घरी आले, खाली वाकले आणि म्हणाले, "साहेब, हे पाणसोट हाय. डोळ्याच्या खालून फुटलंय. तुमचा गुलाब वर वाळला, हा खुंट वाढतोय."

कलमी गुलाब म्हणजे जंगली जातीच्या खुंटावर भरलेला चांगल्या जातीचा डोळा. मोसंबीचेही तसेच. कलमाच्या जोडाखालून आलेली फूट वेळीच मुळापासून काढली नाही, तर ती वरच्याचे सगळे खाऊन टाकते. बँकेच्या भाषेत सांगायचे, तर जामीनदारानेच कर्ज उचलले होते आणि मी त्याला चार महिने शेणखत घालत होतो.

त्यानंतर मी शहाणा झालो आणि नर्सरीत जाऊन 'छोटा गुलाब' मागितला. तिथे कळले, की काळ्या पिशवीत सगळेच गुलाब छोटे दिसतात. लग्नाआधी सगळीच माणसे गरीब दिसतात, तसे. तेव्हा उंची पाहायची नाही. पाने बारीक आहेत का, दोन पानांमधले अंतर थोडके आहे का आणि फूल रुपयाच्या नाण्यापेक्षा फार मोठे नाही ना, ते पाहायचे. झुपक्याने फुलणारा फ्लोरिबंडा वाफ्याला छान, पण तो कमरेपर्यंत जातो आणि त्याला बारा इंची कुंडी लागते. आपल्याला हवा तो मिनिएचर, ज्याला आपल्याकडे बटन गुलाब म्हणतात. तो फूट-दीड फुटात भागवतो आणि आठ इंची कुंडीत संसार करतो. बहुतेक वेळा तो काडी लावूनच केलेला असतो. म्हणजे मूळही त्याचेच आणि शेंडाही त्याचाच. जामीनदाराची भानगड नाही.

या बुटक्यांचा इतिहासही माझ्या परिस्थितीला शोभणारा आहे. चीनमधून युरोपात गेलेला हा गुलाब तिथे जवळजवळ विस्मरणात गेला होता. पहिल्या महायुद्धाच्या काळात रूले नावाच्या लष्करी अधिकाऱ्याला तो स्वित्झर्लंडमधल्या एका खेड्यात सापडला. कुठल्या राजवाड्यात नव्हे, खिडकीतल्या कुंडीत! पुढे कॅलिफोर्नियातल्या राल्फ मूर यांनी अशा छोट्या गुलाबांच्या कितीतरी जाती काढल्या. ते १०२ वर्षे जगले. मोठ्या गुलाबवाल्यांनी याचा विचार करावा.

मी चार झाडे आणली. आमच्या काळ्या मातीवर कापूस पिकतो, कुंडी पिकत नाही. ती ओली झाली की फुगते आणि वाळली की भेगाळते. म्हणून दोन वाटे पोयटा, एक वाटा शेणखत, एक वाटा वाळू असे मिश्रण केले आणि भोकावर खापरी ठेवली. गॅलरीत पाच-सहा तास ऊन होतेच. छाटणीनंतर साधारण दीड महिन्याने फूल येते. इथे माझे बी.कॉम. उपयोगी पडले. सगळ्या मुदत ठेवी एकाच दिवशी पिकवू नयेत. मी चारही कुंड्या आठ-आठ दिवसांच्या अंतराने छाटल्या. त्यामुळे एक फुलून संपेपर्यंत दुसरी तयार. जानेवारीत बाळकृष्णाच्या डोक्यावर रोज एक फूल दिसू लागले, आणि खाली बाळकृष्णही दिसू लागला.

पण २०१२ साली पाऊस रुसला होता. २०१३ च्या उन्हाळ्यात जालना जिल्हा इतका होरपळला, की टँकरचा आवाज सनईसारखा गोड वाटायचा. घरात पाण्याचे बजेट मांडले गेले.

"चार कुंड्यांना चार तांबे," सौ. म्हणाली. "मग तुमची दाढी दिवसाआड."

तांदूळ आणि डाळ धुतलेले पाणीही कुंड्यांना गेले. मातीवर वाळला पाचोळा पसरला आणि दुपारी कुंड्यांवर आईची जुनी साडी बांधली. पानांखाली लाल कोळी दिसला की ओल्या बोटांनी पुसायचा. वाढलेली दाढी पाहून मॅनेजरनी दबक्या आवाजात विचारले, "घरी सगळं ठीक ना?" मी म्हणालो, "चारही जगतील असं वाटतंय."

तात्यांची झाडे मात्र जमिनीतली, जुनी आणि थोराड. त्यांना तांब्याने भागत नव्हते, बादल्या लागत होत्या. बादल्या कुठून आणणार? भेगाळलेल्या मातीत एकेक झाड वाळत गेले. तात्या ओट्यावर बसून त्यांच्याकडे बघत राहायचे. ओरडायला कुणी येतही नव्हते.

एका सकाळी आईने वाटीत फूल ठेवून वाटी माझ्या हातात दिली. "तात्यांच्या देवाला देऊन ये."

"आणि आपल्या?"

"आपला बाळ आहे. समजून घेईल."

तात्यांनी वाटीत पाहिले. "एवढंसं?"

"देवाच्या मापाचं आहे."

"तुझ्या आईकडे किती वर्षांची थकबाकी आहे, ठाऊक आहे?"

"म्हणून तर हप्त्याने आणतोय, तात्या."

ते हसले नाहीत, पण त्यांनी फूल उचलून वाटी धुऊन परत दिली. त्यानंतर हप्ता एक दिवसाआड ठरला, माझ्या दाढीसारखा.

२०१३ चा पाऊस बरा झाला. ऑक्टोबरच्या छाटणीतल्या काड्या तात्यांनी मागून नेल्या आणि वाळूत रुजवल्या. पुढच्या पावसाळ्यात त्यांनी फूट-फूट अंतरावर नऊ झाडे ओळीने लावली. मी खाली जाऊन पाहतो, तर ओळ कुंपणाच्या बाहेर!

"तात्या, इथे येणारा-जाणारा कुणीही तोडेल."

"तोडू दे," ते मातीत हात घालून म्हणाले. "पहाटे साडेपाचला जाग येते मला. कुंपणाशी कुणी नसतं."

मी वर येऊन आईला सांगितले. तिने चष्मा पुसला, बराच वेळ पुसला. मग म्हणाली, "म्हणजे शेवटी कबूल झाले ना? बाहेरची फुलं मालकाची नसतात!"