पाचशे डॉलरची बिदागी

मराठीत 'हौशी' म्हटले की चेहरा सैल होतो आणि 'धंदेवाईक' म्हटले की कपाळावर किंचित आठी पडते. नटाने 'नाइट' घ्यावी, गवयाने बिदागी घ्यावी. उल्लेख मात्र हळू आवाजात व्हावा. हीच आठी आम्हांला अमेरिकन फुटबॉलच्या आरंभकाळाविषयी वाचताना भेटली. अंडाकृती चेंडू कवटाळून धावण्याच्या त्या दांडगट खेळाशी आमचा एरवी काडीचाही संबंध नाही.

हा खेळ मुळात येल, हार्वर्ड, प्रिन्स्टन अशा विद्यापीठांचा. म्हणजे सुखवस्तू घरांतल्या मुलांचा. पैसे न घेता खेळणे ही तेथे सभ्यतेची खूण होती. १२ नोव्हेंबर १८९२ रोजी पिट्सबर्गमध्ये अ‍ॅलेघेनी अ‍ॅथलेटिक असोसिएशनने आपल्या प्रतिस्पर्धी क्लबाला ४-० असे हरवले. एकमेव टचडाउन (तेव्हा त्याचे चार गुण) येलचा गाजलेला खेळाडू विल्यम हेफेलफिंगर याने केला. त्याला त्या दिवसाचे पाचशे डॉलर मिळाले होते, आणि त्याचा पुरावा क्लबाच्या जमाखर्चात राहिला. तो कागद उजेडात आला १९६० च्या दशकात! तोवर पहिल्या व्यावसायिकाचा मान १८९५ साली दहा डॉलर घेणाऱ्या जॉन ब्रॅलियरकडे होता. एका व्यवसायाचा जन्म असा पाऊणशे वर्षे चोपडीत दडून राहावा, यातच त्या काळची सभ्यता कळते.

पैसे न घेण्याची ही सभ्यता कोणाला परवडते, हा खरा प्रश्न. जिम थॉर्प हा सॅक अँड फॉक्स या आदिवासी जमातीतला, कार्लाइलच्या इंडियन शाळेत शिकलेला. १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये त्याने पेंटॅथलॉन आणि डेकॅथलॉन या दोन्ही शर्यती जिंकल्या. १९१३ मध्ये त्याची पदके काढून घेण्यात आली. कारण? १९०९ आणि १९१० च्या उन्हाळ्यांत तो किरकोळ मोबदल्यावर बेसबॉल खेळला होता. असे खेळणारे इतर विद्यार्थी खोटे नाव लावून नामानिराळे राहत (टोपणनावाची सोय केवळ साहित्यिकांनाच ठाऊक असते असे नाही). थॉर्पने स्वतःचे नाव लावले होते.

१९१५ साली ओहायोतील कँटन बुलडॉग्ज संघाने त्याला सामन्यामागे अडीचशे डॉलर उघडपणे देऊ केले. तेथील प्रेक्षक कारखान्यांच्या गावांतले. पैसे घेऊन खेळण्यात त्यांना पाप दिसण्याचे कारण नव्हते. १७ सप्टेंबर १९२० रोजी त्याच कँटनमध्ये राल्फ हे यांच्या हपमोबिल मोटारींच्या दुकानात संघांचे प्रतिनिधी जमले. खुर्च्या अपुऱ्या, म्हणून काही जण गाड्यांच्या पायऱ्यांवरच टेकले. प्रत्येक संघाने शंभर डॉलर वर्गणी द्यावी असे ठरले. ती कोणीच भरली नाही, असे त्या बैठकीतले जॉर्ज हॅलस पुढे सांगत. संघटनेला अध्यक्ष हवा होता, आणि ज्याचे नाव सर्वांना ठाऊक होते असा माणूस एकच होता : पदके गमावलेला थॉर्प. १९२२ पासून ही संघटना नॅशनल फुटबॉल लीग म्हणून ओळखली जाऊ लागली.

पण पैशाने उघडलेले दार सर्वांसाठी उघडे राहिले असे मानण्याचे कारण नाही. १९२० चे विजेतेपद अ‍ॅक्रन प्रोज संघाने मिळवले ते फ्रिट्झ पोलार्ड या कृष्णवर्णीय खेळाडूच्या बळावर. पुढच्या वर्षी तो सहप्रशिक्षकही झाला. मात्र १९३४ ते १९४५ या काळात लीगमध्ये एकही कृष्णवर्णीय खेळाडू दिसत नाही. १९४६ साली केनी वॉशिंग्टन आणि वुडी स्ट्रोड लॉस एंजेलिस रॅम्समध्ये आले, तेही संघाला सार्वजनिक मालकीचे मैदान हवे होते आणि कृष्णवर्णीय पत्रकारांनी आग्रह धरला म्हणून.

पुढचा इतिहास भरभराटीचा आहे. १९३३ च्या नियमबदलाने चेंडू पुढे फेकणे सोपे झाले, १९५८ चा अंतिम सामना दूरचित्रवाणीने घराघरांत नेला, १९६७ च्या जानेवारीत पहिला सुपर बोल झाला. पाचशे डॉलर लपवणाऱ्या खेळातले करार आता वर्तमानपत्रांत ठळकपणे छापून येतात.

थॉर्प १९५३ साली वारला. १९८३ मध्ये त्याच्या मुलांना पदकांच्या प्रतिकृती देण्यात आल्या, पण सहविजेता म्हणून. दोन्ही शर्यतींचा तो एकमेव विजेता, असे आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने जाहीर केले ते जुलै २०२२ मध्ये.