दोष पायाचा नव्हता

"साहेब, वहिनींना सांगा, क्लचवर पाय ठेवून गाडी चालवू नका."

हे वाक्य आठवलं की आजही डोकं फिरतं. गाडी माझी, बिल माझ्या नावावर, समोर उभी मी. आणि गॅरेजवाला बोलतोय माझ्या नवऱ्याशी, जो माझी गाडी चालवतही नाही.

गाडी म्हणजे स्कोडा लॉरा, १.८ टीएसआय, मॅन्युअल. तेव्हाच्या औरंगाबादजवळ शेंद्र्याला जुळणी झालेली, मी सेकंडहँड घेतलेली. कारखान्यातून निघताना १६० हॉर्सपॉवर आणि २५० न्यूटन मीटर टॉर्क. याच गॅरेजने तिचं रिमॅप केलं, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरचं प्रोग्रॅमिंग बदललं. ताकद दोनशेच्या वर गेली, टॉर्क साडेतीनशेला टेकला. "क्लचला झेपेल का?" असं मी तेव्हाच विचारलं होतं. "आरामात," म्हणाले.

खंबाटकी घाट चढताना एका ट्रकला ओव्हरटेक करत होते. चौथा गिअर, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला. टॅकोमीटरचा काटा सर्रकन वर गेला आणि वेग मात्र होता तेवढाच राहिला. समोरून वाहन येण्याची भीती तिथे नाही, कारण साताऱ्याहून येणारे बोगद्यातून जातात. पण मागचे थांबत नाहीत. पाय उचलला, ट्रकच्या मागे आले. जळका वास केबिनभर पसरला होता.

क्लच सरकला होता. गॅरेजने कंपनीचाच नवा टाकला. काही महिन्यांत तोही सरकायला लागला, आणि मग वरचं वाक्य ऐकलं.

मी म्हटलं, जुनी प्लेट दाखवा. ती भंगारात गेली होती. इथेच मला सगळ्यात जास्त राग आला, कारण प्लेट खोटं बोलत नाही. सतत पेडलवर पाय असेल तर प्रेशर प्लेटचा दाब थोडा कमी राहतो, अस्तर झिजून रिवेटपर्यंत येतं आणि रिलीज बेअरिंग आवाज करायला लागतं. शिवाय अशी गाडी सिग्नलला, चढावर, कुठेही कुरकुरते. माझा क्लच हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये एकदाही सरकला नव्हता. सरकायचा तो मोकळ्या रस्त्यावर, वरच्या गिअरमध्ये, २००० ते ३५०० आरपीएमच्या मध्ये, म्हणजे टर्बो पूर्ण जोर लावतो नेमकी तिथे. हे मी समजावून सांगत होते आणि तो माणूस नवऱ्याकडे बघून हसत होता. नवरा म्हणाला, "तिच्याशी बोला." तरी तो माझ्याकडे वळला नाही. कॉलेजात असल्यापासून मी घाटात गाडी चालवते आहे. माझ्या डाव्या पायाबद्दल असं कुणी कधी बोललं नव्हतं.

दुसऱ्या गॅरेजमध्ये गिअरबॉक्स उतरवला तेव्हा मी शेजारी उभी होते. अस्तर जवळजवळ नव्याइतकं जाड, पण वरून काचेसारखं गुळगुळीत झालेलं. फ्लायव्हीलवर निळे डाग. बेअरिंग ठणठणीत. तिथला मिस्त्री एवढंच म्हणाला, "ताई, हिला दाब कमी पडला." म्हणून सांगते, कुठलाही पार्ट बदलला की जुना घरी घेऊन या. नंतर भंगारात घाला हवं तर, पण आधी तुमच्या हातात येऊ द्या.

आता कुठला क्लच टाकायचा? ज्याला विचारावं तो आधी हॉर्सपॉवर विचारायचा. क्लचला हॉर्सपॉवर कळत नाही, त्याला टॉर्क कळतो. त्याची झेप ठरते प्रेशर प्लेटच्या दाबावर, अस्तराच्या पकडीवर, प्लेटच्या त्रिज्येवर आणि घासणाऱ्या पृष्ठभागांच्या संख्येवर. त्रिज्या फार वाढवता येत नाही, कारण बेलहाउसिंगमध्ये जागा नसते. पृष्ठभाग वाढवायचे तर दोन प्लेटांचा क्लच घ्यावा लागतो. तो माझ्या खिशाबाहेरचा, आणि न्यूट्रलमध्ये खडखडतो. उरतात दाब आणि अस्तर.

बहुतेकांनी सिरॅमिकचा आग्रह धरला. एका मित्राच्या गाडीत तो आहे. पकड जबरदस्त, पण हाफ क्लच जवळजवळ नाहीच. पहिल्या गिअरमध्ये निघताना अख्खी गाडी थरथरते. आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅग रेसला उतरायचं असेल तर ठीक. मला रोज बाणेरहून हिंजवडीला जायचं असतं, कुठे गाडी चालवता हे मात्र कुणी विचारलं नाही. मी ऑरगॅनिक अस्तराची प्लेट घेतली, जास्त दाबाच्या प्रेशर प्लेटसह. खोक्यावर ४०० न्यूटन मीटरच्या पुढचा आकडा होता. फ्लायव्हील ड्युअल मासच ठेवलं, पण नवं टाकलं. सिंगल मास स्वस्त पडतं, पण इंजिनची थरथर थेट गिअरबॉक्सकडे जाते. बेअरिंगही नवं, कारण त्याच्यासाठी पुन्हा गिअरबॉक्स उतरवणं म्हणजे लेबरचे पैसे दुसऱ्यांदा भरणं.

पहिले ८०० किलोमीटर शहरातच, जोर न लावता चालवली, अस्तर बसावं म्हणून.

आता क्लच सरकत नाही. पण पेडल जड झालं आहे, संध्याकाळी वाकड पुलाखालच्या गर्दीत गुडघा दुखतो. आणि खरं सांगते, मोकळ्या रस्त्यावर दुसऱ्यातून तिसऱ्यात टाकताना मित्राच्या सिरॅमिकची ती खाडकन बसणारी पकड आठवते. ज्याला मी रस्त्यावरच्या गाडीत मूर्खपणा म्हणत होते, तेच.

दुसऱ्या मिस्त्रीने आणखी एक सांगितलं. मॅप करतानाच मधल्या आरपीएमचा टॉर्क थोडा कापायला सांगितला असता, तर वरची हॉर्सपॉवर जवळजवळ तेवढीच राहिली असती आणि कंपनीचा क्लचही कदाचित टिकला असता. लॅपटॉपवरचं तासाभराचं काम. पहिल्या गॅरेजवाल्याला हे माहीत नव्हतं असं मी मानत नाही. "झेपेल का?" हे मी त्याला विचारलं होतं, त्या दिवशी नवरा माझ्यासोबत नव्हता आणि उत्तर मलाच दिलं होतं.